ओपन स्पेसमधल्या बाकड्यांसाठी मदत हवीय (पैसेच पाहिजेत असं नाही, जुनं लाकूडही चालेल)

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारच्या मीटिंगला ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्यासाठी सगळं एकदा लिहून टाकतो. जरा लांबेल, पण पैसे मागतोय म्हटल्यावर नीट सांगायलाच पाहिजे.

विषय बाकड्यांचा. तुम्ही म्हणाल आहेत की पाच. आहेत ना. दोन भर उन्हात, एक कचऱ्याच्या डब्याला चिकटून, एक गेल्या उन्हाळ्यापासून कललेलं आणि एकाला पाठच नाही. नावं मात्र सगळ्यांवर ठळक, आचारसंहिता लागली की त्यावर कागद चिकटतो आणि पावसाळ्यात निघतो. ज्याला पाठ नाही त्याचं नाव बसायच्या जागेवरच रंगवलंय, म्हणजे रोज कुणी ना कुणी साहेबांच्या नावावर बसतंय, असो.

दुसऱ्या गल्लीतल्या एक आजी रोज संध्याकाळी नातवाला घेऊन येतात. उठायची वेळ झाली की आधी पिशवी नातवाकडं देतात, मग दोन्ही हात गुडघ्यावर, एकदा पुढं झुकून परत मागं बसतात, तिसऱ्या खेपेला उठतात. मी टेप नेऊन उंची मोजली तर साडेतेरा इंच! झालंय असं की बाकडं आधी बसवलं, पेव्हिंग ब्लॉक नंतर घातले, त्यात तीन-एक इंच गेले आणि हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यामुळं गुडघेवाली मंडळी आता बसतच नाहीत, दोन चकरा मारून घरी जातात, आणि निवांत बसायचं म्हटलं की मुलाला गाडी काढायला लावून रंकाळा गाठायचा. दारात अख्खी ओपन स्पेस असताना!

म्हणून आपण यावेळी उलटीकडनं सुरुवात केली. पॅकिंगच्या फळ्यांचं एक सॅम्पल बाकडं ठोकून आठ दिवस करंजाखाली ठेवलं आणि सगळ्यांना बसून बघायला लावलं. पहिली उंची वीस इंच धरली होती तर काकू लोकांचे पाय लोंबकळायला लागले, मग कापून अठरा केली. खोली सतरा इंच, त्याहून जास्त केली की बुटक्या माणसाची पाठ मागं टेकतच नाही. पाठ जराशी मागं कललेली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही टोकांना हात, तेही बसायच्या कडेपर्यंत पुढं आलेले, कारण उठताना जोर तिथंच लागतो. सॅम्पलवर आजी पहिल्या खेपेत उठल्या आणि म्हणाल्या, "हेच ठेवा की आता, परत कशाला करताय."

मधे पण एक हात द्या म्हणजे कुणी झोपणार नाही, असं दोघा-तिघांचं म्हणणं होतं. कमिटीनं ते घेतलं नाही. दुपारी बारा ते तीन तिथं कोण आडवं होतं तर रंगकाम करणारी पोरं, डिलिव्हरीवाले, झाडलोट करणाऱ्या मावशी. तासभर पाठ टेकली तर आपलं काय जातंय?

आता मटेरियल. अँगलची बाकडी आपल्या पावसात टिकत नाहीत, पाय जमिनीत शिरतो तिथं पाणी साचतं आणि नेमका तिथंच गंज खातो. स्टीलचं बाकडं एप्रिलात तव्यासारखं तापतं, ग्रॅनाईटचंही तेच. कोल्हापुरात राहून बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, विचार नाही करायचा तर कुणी करायचा? आपल्यातलेच एक फौंड्रीवाले बिडाचे पाय आणि हात एकातच ओतून द्यायला तयार आहेत, तेही फक्त खर्चात. लाकडी पॅटर्नचा (ज्यावरून साचा बनतो तो नमुना) खर्च एकदाच, मग त्यावर दोन ओता नाहीतर पन्नास, म्हणून बारा बाकडी एकदमच करायचं ठरलंय, थोडी-थोडी केली तर महागात पडेल.

वरच्या फळ्यांसाठी एक खास विनंती. पेठांमधली जुनी घरं सध्या पाडून नवीन बांधतायत, तुमच्या पाहुण्यांपैकी कुणाचं घर उतरवत असतील तर सागवानी तुळया, कड्या, दारांच्या चौकटी आम्हाला द्या. इतकी वर्षं मुरलेला साग आता विकत मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. खिळे आम्ही काढू, रंधा मारून घेऊ. फक्त वाळवी लागलेलं नको.

जागा पण ठरवल्यात. गर्दी संध्याकाळी असते आणि ऊन पश्चिमेचं, म्हणून झाडाच्या पूर्वेच्या अंगाला बाकडं, म्हणजे सावली त्यावरच पडते. बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी ठेवायची, मुळांवर काँक्रीट ओतायचं नाही. गुलमोहराखाली एकही नाही, वळवाच्या वाऱ्यात फांद्या कशा तुटतात ते सगळ्यांनी बघितलंय. चार बाकडी दोन-दोन अशी काटकोनात, एका ओळीत बसून गप्पा मारायच्या म्हणजे मान अवघडते. आणि गेटजवळच्या दोन बाकड्यांशेजारी तीन-तीन फूट सपाट जागा मोकळी सोडायची, व्हीलचेअर आली तर ती बाकड्याच्या बाजूला लागली पाहिजे, समोर रस्त्यात नाही.

फाउंडेशनला कंजूषपणा करायचा नाही. ते कललेलं बाकडं आहे ना, ते काळ्या मातीमुळं. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं सगळं हलवते. दीड फूट खणून काळी माती काढायची, मुरूम ठोकायचा, मग काँक्रीट, त्यातच फर्मा लावून बोल्ट सोडायचे. वरचं तोंड जमिनीच्या दोन इंच वर आणि उताराचं. नंतर सात दिवस पाणी मारायचं, त्यासाठी समोरच्या घरांनी नळीचं बघा प्लीज.

हिशोब असा. एका बाकड्याला बिडाची जोडी 4,800, लाकूड 4,200, नटबोल्ट-पॉलिश 900, फाउंडेशन 1,300, म्हणजे 11,200. बाराचे 1,34,400, वर पॅटर्नचे 7,000, एकूण 1,41,400 रुपये. जमलेत 52,000. राहिले 89,400. लाकूड फुकट मिळालं तर बाकडं 7,000 ला पडतं, तेव्हा तुळयांचं मनावर घ्याच.

शंभर रुपयेसुद्धा चालतील, पावती प्रत्येकाला मिळणार. इनकम टॅक्सची सूट मात्र नाही, आपल्याकडं त्याची नोंदणी नाही, आधीच सांगितलेलं बरं. बाकड्यावर कुणाचंच नाव येणार नाही. पूर्ण बाकड्याचे पैसे देणाऱ्याचंही नाही आणि आई-वडिलांच्या स्मरणार्थही नाही, यावर मीटिंगमध्ये बरीच खडाजंगी झाली, शेवटी सगळ्या देणगीदारांची यादी गेटजवळच्या फळ्यावर एकत्र लावायची असं ठरलं. रक्कम न लिहिता. ज्यांना हे पटत नाही त्यांचं आमच्यावर प्रेम राहू द्या.

लेखी परवानगी आलीय, कॉपी खजिनदारांकडं बघायला मिळेल. पैसेही त्यांच्याकडंच द्यायचे, रोज संध्याकाळी सहा ते सात ते सॅम्पल बाकड्यावरच बसलेले असतात (उठायचं नाव घेत नाहीत, म्हणजे डिझाइन जमलंय).

येत्या रविवारी सकाळी साडेसातला पहिले चार खड्डे खणायचेत. उप्पीट-चहा आहे. पहार एकच आहे, टिकाव आणि घमेली ज्यांच्याकडं असतील त्यांनी घेऊन या.