जन्मसाल मीच खोटं टाकलं होतं

बाळा,

काल जीटीए ५ या १८ वर्षांपुढच्यांसाठीच्या गेमला मी नाही म्हटलं म्हणून तू दार आपटून गेलास आणि मला रात्रभर झोप लागली नाही. समोर बसून बोलायला लागलो की आपलं दोन मिनिटांत भांडण होतं म्हणून लिहितेय, लगेच उत्तर दे असं काही नाही.

तू म्हणालास, "अकाउंटवर खोटं जन्मसाल तूच टाकलंस, मग आता अठराचं काय घेऊन बसलीस?" खरंय. तू दहा वर्षांचा होतास, कुठलातरी गेम उघडत नव्हता, तू रडकुंडीला आला होतास आणि मला शंभर कामं होती, म्हणून मी जन्मसाल आठ वर्षं मागे नेलं आणि मोकळी झाले. वय विचारलं की खोटं सांगायचं असतं हे तू माझ्याकडूनच शिकलास. ती चूक माझी आहे, त्याचा राग तुझ्यावर काढला त्याबद्दल सॉरी.

पण जीटीए ५ ला मी अजूनही नाहीच म्हणतेय. का, ते नीट सांगते, कारण काल "नाही म्हणजे नाही" एवढंच म्हणाले आणि ते काही उत्तर नव्हतं.

तुला वाटतं १८ चा आकडा म्हणजे कोणीतरी तुला कुक्कुलं बाळ म्हणतंय. तसं नाहीये रे. मी वाचत बसले होते हे सगळं सुरू कुठून झालं ते. १९९२ मध्ये मॉर्टल कॉम्बॅट आला, त्यात हरलेल्या माणसाचं डोकं पाठीच्या कण्यासकट उपटून काढायचं वगैरे. पुढच्या वर्षी तो घरच्या कन्सोलवर आला तेव्हा निन्टेंडोने रक्ताच्या जागी घामासारखे राखाडी थेंब दाखवले, आणि सेगाच्या कन्सोलवर मात्र एक कोड टाकला की रक्त सुरू व्हायचं. आईवडिलांना यातलं काही माहीत असायचं कारणच नव्हतं, डब्यावर आत काय आहे ते सांगणारी सगळ्यांना सारखी अशी काही पद्धतच नव्हती. मग डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली, सरकार कायदा करेल या धाकाने गेम इंडस्ट्रीने स्वतःच १९९४ मध्ये ईएसआरबी काढलं, म्हणजे कुठला गेम कोणत्या वयासाठी ते ठरवणारी संस्था. युरोपात तशीच पेगी नावाची पद्धत २००३ ला आली, ३, ७, १२, १६, १८ असे आकडे. म्हणजे हे आकडे गेम आवडत नसलेल्या म्हाताऱ्यांनी लावलेले नाहीत, गेम विकणाऱ्यांच्याच इंडस्ट्रीने उभी केलेली ही सिस्टीम आहे आणि तीच म्हणतेय की हा मोठ्यांसाठी आहे.

आणि आकड्यापेक्षा त्याच्यासोबत जे शब्द असतात ना ते वाचत जा, मी तर ते आत्ता पहिल्यांदा वाचले. जीटीए ५ ला पेगीचं १८ आहे, ईएसआरबीचं एम आहे, म्हणजे १७ आणि पुढे, आणि ईएसआरबीने कारणं म्हणून रक्तपात, तीव्र हिंसा, नग्नता, उघड लैंगिक दृश्यं, शिव्या, ड्रग्ज आणि दारू असं सगळं लिहिलंय.

गेम खेळून तू कोणाला मारशील असं मला अजिबात वाटत नाही, हे आधी ऐक. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही २०२० मध्ये हेच म्हटलंय की खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. त्याच ठरावात असंही आहे की हिंसक गेम आणि ओरडणं, ढकलाढकली असल्या आक्रमकपणाचा छोटा पण पुन्हापुन्हा दिसणारा संबंध आहे. मला काळजी वेगळीच आहे. त्या गेममध्ये एक मिशन आहे, बांधून ठेवलेल्या माणसाचा छळ करायचा, आणि तो खेळणाऱ्याने स्वतः करायचा, हत्यार निवडून, बटण दाबून. सिनेमात असं काही आलं तर आपण मान फिरवतो. इथे तू ते केल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. ते बघून मोठ्या माणसाला प्रश्न पडेल की लेखकाला यातून काय म्हणायचंय. तेराव्या वर्षी तू फक्त मिशन संपवशील आणि तेच मला नकोय.

आता जे बोलायला मला अवघड जातं ते. त्यात स्ट्रिप क्लब आहे, पैसे देऊन मिळणाऱ्या बायका आहेत. तुला या वयात शरीराबद्दल, सेक्सबद्दल उत्सुकता असणारच, त्यात लाजण्यासारखं काहीही नाही, आणि मला विचारलंस तर मी चिडणार नाही, माहीत नसेल तर शोधून सांगेन. पण या विषयाची तुझी पहिली ओळख अशा जागी होऊ नये जिथे बाई म्हणजे पैसे टाकले की मिळणारी वस्तू आहे. एकदा मनात बसलेलं चित्र काढायला फार वर्षं लागतात.

रेटिंगवर डोळे झाकून विश्वास ठेव असंही मी म्हणत नाहीये. २००५ मध्ये याच सिरीजच्या सॅन अँड्रियास गेममध्ये एक सेक्सचा भाग कोडमध्ये लपलेला सापडला, लोकांनी मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून बदल करणारा कोड, टाकून तो उघडला आणि मग एमचं रेटिंग बदलून फक्त प्रौढांसाठी असं करावं लागलं. आणि ऑनलाइन खेळताना हेडफोनमध्ये अनोळखी माणसं काय बोलतात त्याला तर कोणीच रेटिंग देत नाही, ईएसआरबी तसं स्पष्ट लिहितं. मागच्या महिन्यात तू एकदम हेडफोन काढून ठेवलास आणि जेवताना गप्प होतास, आठवतंय? मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारतेय. कोणी काही घाण बोललं असेल, फोटो मागितला असेल, तर तुझा गेम बंद होणार नाही, शब्द देते. भीती तीच असते ना, की सांगितलं तर आई गेमच काढून घेईल?

रविवारी दोघं बसून जन्मसाल खरं टाकू. काही गेम लॉक होतील, तू वैतागशील, ते मला माहीत आहे. जे १६ चे असतील त्यातला तुला खूप हवा असलेला एक निवड, आधी मी शेजारी बसून तासभर बघेन आणि मग ठरवू, त्यात मी हो पण म्हणू शकते. जीटीए ५ चं उत्तर मात्र सध्या तेच आहे.

आणि हेडफोनचं काय झालं होतं ते बोलायला जमत नसेल तर याच कागदाच्या मागे लिहून माझ्या उशीखाली ठेव.

आई