मेंढपाळाचा खांदा

प्रिय शुभा,

रोमहून टाकलेलं तुझं पत्र पोचलं. कॅटाकोंबमध्ये, म्हणजे त्या जमिनीखालच्या दफनभुयारांत, इतकी चित्रं पाहिली, पण क्रुसावरचा येशू कुठेच कसा दिसला नाही, हा तुझा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला सारून लिहायला बसले. ख्रिस्ती कलेतली माझी सगळ्यात आवडती गोष्ट नेमकी इथूनच सुरू होते.

अगं, क्रूस म्हणजे त्या रोमन काळी गुलामांना आणि बंडखोरांना चारचौघांत मारायची शिक्षा. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली होती, ते लोक आपल्या देवाला तसं कशाला रंगवतील? रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर एका भिंतीच्या गिलाव्यावर कोरलेलं चित्र सापडलंय, साधारण इ.स. 200 च्या सुमाराचं. गाढवाच्या डोक्याचा माणूस क्रुसावर आहे, शेजारी एक जण हात वर करून उभा, आणि खाली लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. क्रुसावरच्या येशूची जी अगदी जुनी चित्रं उरली आहेत त्यांत हे एक, आणि तेही कुणीतरी टवाळीसाठी काढलेलं. बिचाऱ्या अलेक्सामेनोसची मला फार माया वाटते.

मग भाविकांनी काय रंगवलं? मासा, जहाजाचा नांगर, माशाच्या पोटातून सुटलेला बायबलमधला योना. आणि सगळ्यांत जास्त जीव लावून, मेंढपाळाच्या रूपातला येशू. व्हिया सालारियावरच्या प्रिस्किल्लाच्या कॅटाकोंबमध्ये गेली असशील तर छतावर पाहिला असशीलच: आखूड अंगरखा घातलेला कोवळा पोरगा, खांद्यावर जनावर. नीट बघितलं तर ती मेंढी नाही, बकरा आहे. शेवटच्या न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडे आणि बकरे डावीकडे काढले जातील, असं मत्तयच्या शुभवर्तमानात आहे; आणि इथे तर बकराच खांद्यावर! चित्रकाराने मुद्दाम केलं की नेहमीच्या सवयीने, काही असो, मला ते फार मोठं वाटतं.

ही आकृती ख्रिस्ती लोकांनी नव्याने शोधलेली नाही. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर वासरू खांद्यावर घेतलेल्या माणसाची संगमरवरी मूर्ती मिळाली, ती इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातली. रोमन लोकही आपल्या शवपेट्यांवर मेंढपाळ कोरून घेत. त्यामुळे परक्याला त्यात वावगं काही दिसत नसे, आणि आतल्याला मात्र लूकच्या शुभवर्तमानातला दाखला आठवे: नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून हरवलेल्या एकीला शोधायला गेलेला, आणि ती सापडल्यावर तिला खांद्यावर घेऊन येणारा. सीरियातल्या दुरा-युरोपोसला एका घरातच चर्च होतं. तिथे बाप्तिस्म्याच्या कुंडावर हाच मेंढपाळ आहे आणि त्याच्या पायाशी चिमुकले आदाम-हव्वा. इराणची सासानी फौज चालून येणार म्हणून तिथल्या रोमन सैन्याने तटबंदीला टेकू द्यायला ते घर मातीने बुजवलं. 256 साली गाव पडलं, पण त्याच मातीने चित्रं जपली. 1930 च्या दशकात ती उकरून काढली. आता ती अमेरिकेत येल विद्यापीठाकडे आहेत.

पुढे 313 साली रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, मग राजाश्रयही आला. चर्चच्या भिंतींवर येशू सिंहासनावर बसायला लागला, दाढीवाला, सम्राटासारखा. क्रुसावरचं उघड चित्रण त्यानंतरचं. रोममधल्या सांता साबीना चर्चच्या लाकडी दारावर ते आहे, साधारण 430 चं.

रावेन्नाला जायचं ठरलंय ना तुझं? मग रोमन सम्राज्ञी गाला प्लासिदियाची समाधी चुकवू नकोस. बाहेरून नुसत्या विटा. आत अलाबास्टर नावाच्या अर्धपारदर्शक दगडाच्या खिडक्यांतून मधाच्या रंगाचा उजेड, वर गडद निळ्यावर सोनेरी तारे. आत शिरलीस की मागे वळून दाराच्या वर बघ. मेंढपाळ तिथेही आहे, पण आता खडकावर बसलेला. अंगात सोनेरी अंगरखा, मांडीवर जांभळं वस्त्र, डोक्यामागे प्रभावलय, आणि काठीच्या जागी सोन्याचा क्रूस. तीन इकडे, तीन तिकडे अशी सहा मेंढरं, सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळलेल्या. त्याचा एक हात एका मेंढीच्या तोंडाशी गेलाय. अतिशय देखणं काम आहे, शुभा, पण खांदा रिकामा आहे. मेंढपाळाचा राजा झाला आणि ओझं उतरलं, असं मला ते पाहताना वाटतं. कलेचे अभ्यासक इतकं सरळ म्हणणार नाहीत, मी म्हणते.

आणि म्हणूनच आपल्या गोव्याचं मला इतकं अप्रूप. सतराव्या शतकात इथल्या कारागिरांनी हस्तिदंतात जो उत्तम मेंढपाळ घडवला, तो बाळ येशू आहे. डोंगराच्या माथ्यावर बसलाय, पायांची अढी घातलेली, उजवा हात गालाला, डोळे मिटलेले. अंगात लोकरीचा अंगरखा, त्यावर बारीक खवले कोरलेले, कमरेला भोपळ्याची तुंबडी. एक कोकरू खांद्यावर, एक मांडीवर. हत्तीचे सुळे बरेचसे आफ्रिकेतून यायचे, धर्म पोर्तुगालमधून; पण ते मिटलेले डोळे पाहून बुद्धाची आठवण न होणारा माणूस विरळा. बिगर-ख्रिस्ती कारागिरांकडून अशा मूर्ती करून घ्यायला सोळाव्या शतकात गोव्यातल्या चर्चने मनाई केली होती. म्हणजे त्यांच्याकडून त्या करून घेतल्या जात होत्या, हे उघडच आहे. झोपलेला राखणदार कसा चालेल, असं कुणी विचारतं. मला वाटतं, तो झोपलेला नाही. बायबलच्या गीतरत्नात आहे ना, देह निजलाय पण मन जागं आहे, तसं ते आहे.

जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात हस्तिदंती काम आहेच, पण तुला इतक्या लांब यायला नको. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्येही हे मेंढपाळ आहेत आणि तिथे तिकीटही नाही. परत घरी पोचलीस की जा. मूर्ती वीतभरच असते, म्हणून घाई करू नकोस. खालून वर बघत जा. तळाशी गुहेत आडवी झालेली येशूची शिष्या मारिया माग्दालेना असते, तिच्या वर डोंगराच्या कडेकपारीत मेंढरं, मधे झरा, आणि मग तो. तुझा हात चित्राचा आहे, तेव्हा झऱ्याच्या टप्प्याचं एखादं स्केच काढून पाठव; फोटोत तो भाग नेहमी काळा येतो आणि पाणी प्यायला कोण कोण आलंय ते कळत नाही.

तुझी,
वासंती