विंचू, ऊन आणि पांढरी धूळ

मा. संपादक,

1993 ला कोलंबियातल्या गॅलेरास ज्वालामुखीच्या स्फोटात 6 शास्त्रज्ञ आणि 3 पर्यटक मेले, त्यावर जगभर लिहून आलं, ते ठीकच. पण आपल्याकडे खडक-खनिजं शोधत फील्डवर फिरणाऱ्या माणसाचं बरंवाईट व्हायला ज्वालामुखी लागत नाही हो. जीप घाटात उलटते, एप्रिलमध्ये विदर्भाचं ऊन लागतं, नाहीतर गडचिरोलीच्या कॅम्पमधून जीवघेणा फाल्सिपेरम मलेरिया घेऊन माणूस घरी येतो आणि गावचा डॉक्टर साधा ताप समजून दोन-तीन दिवस घालवतो.

आणि विंचू! आमचं कामच दगड उलटायचं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू किती खाली आणले, 2022 ला पद्मश्रीही मिळाली, पण कॅम्प टाकायच्या आधी जवळच्या आरोग्य केंद्रात ती गोळी आहे का हे विचारतं कोण?

धूळ मात्र या सगळ्यांपेक्षा वाईट, कारण ती लगेच काही करत नाही. आपल्या काळ्या बेसाल्ट दगडात क्वार्ट्झ (गारगोटी, म्हणजे सिलिकाच) जवळपास नसतोच, भंडारा-गडचिरोलीकडे मात्र जिकडेतिकडे तोच. तिथे सॅम्पल कुटून चाळून पिशव्या भरणारा पोरगा तोंडाला गमछा बांधून बसतो, संध्याकाळपर्यंत पापण्या पांढऱ्या झालेल्या असतात, आणि बारीक सिलिका काही गमछ्याने अडत नाही. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा, टीबीसारखाच वाटणारा फुफ्फुसाचा आजार, दिसायला बऱ्याचदा 10-20 वर्षं जातात, तोवर साहेब रिटायर, ठेकेदार गायब आणि हा गावात टीबीच्या गोळ्या खातोय. मेला तरी नोंद टीबीचीच!

1952 च्या खाण कायद्यात तर नुसत्या शोधासाठीच्या लहान खड्ड्यांना (20 च्या आत माणसं, 6 मीटरच्या आत खोली, कोळशाला 15) बहुतेक तरतुदींतून सूटच होती. धूळ काय खड्ड्याची खोली मोजून छातीत जाते?

ड्रिलिंग पाणी मारून करा, मास्क द्या, कामावर घेताना हेल्परचाही एक्स-रे काढा, हे सगळं सांगून झालंय. निदान एवढं तरी करा, कुठल्या खडकावर किती दिवस काम केलं हे हंगामी मजुराच्या नावासकट लिहून त्याची एक प्रत त्याच्याच हातात द्या, म्हणजे उद्या खोकत दवाखान्यात गेला तर डॉक्टरला दाखवायला कागद असेल.

– एक निवृत्त भूवैज्ञानिक, नागपूर