हवामान केंद्र घेण्याआधी

सभासद मित्रहो,

घरगुती हवामान केंद्र घ्यायचं ठरवलेल्यांसाठी. स्वस्तातलं घ्या, काही हरकत नाही. फक्त रंगीत पडद्याला भुलू नका. पैसे बाहेरच्या संवेदकांसाठी (सेन्सर) मोजायचे असतात.

सगळ्यात जास्त फसगत तापमानात होते. ऊन थेट पडलं की संवेदक हवेचं नव्हे, स्वतःच्या तापलेल्या प्लास्टिकचं तापमान सांगतो. म्हणून एकावर एक पांढऱ्या थाळ्या रचल्यासारखं, हवा खेळती ठेवणारं आवरण हवंच. माझ्या पहिल्या केंद्राला ते नव्हतं. दुपारचे आकडे बघून घरचे हसायचे. संवेदक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, भिंतीपासून लांब लावा.

वाऱ्यासाठी प्रमाण उंची 10 मीटर. घरी ती क्वचितच जमते, त्यामुळे वारा, पाऊस, तापमान एकाच खांबावर असलेलं केंद्र म्हणजे तडजोडच. जमल्यास सुटे संवेदक बघा.

बहुतेक पर्जन्यमापकांत पाणी भरलं की कलंडणारं झुलतं भांडं असतं. त्यात पालापाचोळा, कोळ्याची जाळी अडकते. मापक सहज उघडता येतो ना, हे पाहा.

आणि नोंदी फाइलमध्ये उतरवून घेता येतात का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. कुणी नुकतंच घेतलं असेल तर बसवलेल्या जागेचा फोटो गटावर टाका.