‘कशाला?’ विचारणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर तुम्ही ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

पन्नाशीत इंग्रजी शिकायचं ठरवलं तेव्हा घरात, सोसायटीत, देवळात एकच प्रश्न ऐकला, ‘आता या वयात कशाला?’ नाशिकच्या इंदिरानगरात तुमच्या घरी क्लासच्या पहिल्या दिवशी तुम्हीही तेच विचारलंत. मी गप्प बसले. तुम्ही म्हणालात, “अहो, मला खरंच उत्तर हवंय. आणि ते ‘टु’ने सुरू करा.”

मी ‘आय केम फॉर लर्न’ म्हटलं. तुम्ही ‘फॉर’ खोडून ‘टु’ लिहिलंत आणि विचारलंत, “भाजी आणायला गेले, असं म्हणतो ना आपण? त्या ‘आणायला’तलं ‘-आयला’ म्हणजेच हे ‘टु’. मराठीत ते क्रियापदाच्या मागे लागतं, इंग्रजीत पुढे येऊन उभं राहतं.” बस, एवढंच. त्यानंतर कितीतरी दिवस सीबीएसच्या बसस्थानकाला जाताना मी मनात घोकत होते, टु बाय मेथी, टु पे द लाइट बिल, टु सी द डॉक्टर. मी कुठे निघाले हे आजवर सगळ्यांना सांगत आले होते. कशासाठी निघाले, हे सांगायची सवय तुम्ही लावलीत.

पुस्तक तुम्ही आणलंच नाहीत. जन्म, शाळा, लग्न, बाळंतपण, बदली, निवृत्ती, सगळे शब्द आमच्या आयुष्यातूनच काढलेत. ‘आय बॉर्न इन निफाड’मध्ये तुम्ही ‘वॉज’ घातलंत. मराठीत लग्न कुणाशी तरी होतं, म्हणून ‘मॅरीड’पुढे माझं ‘विथ’ आपोआप यायचं. तिथे मध्ये काहीच लागत नाही, आणि ‘गॉट मॅरीड’ म्हटलं तर ‘टु’ लागतं, हे माझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर कळलं. डोहाळजेवणाला एका शब्दाचा हट्ट तुम्ही धरू दिला नाहीत. “काय करतो ते सांगा,” म्हणालात. वुई कुक हर फेव्हरेट फूड टु मेक हर हॅपी. किती सोपं!

आमच्यातल्या एकीने वडील ‘एक्सपायर्ड’ असं लिहिलं होतं. आपल्याकडे सर्रास म्हणतात तसं, पण मुदत औषधाची संपते, पासपोर्टची संपते. माणसासाठी ‘पास्ड अवे’ किंवा सरळ ‘डाइड’ म्हणावं, असं तुम्ही हलक्या आवाजात सांगितलंत. तिचे डोळे भरले. तुम्ही वही मिटलीत आणि चहा टाकलात. त्या दिवशीचा पुढचा तास मराठीतच झाला, बाई, आणि तो मला सगळ्यात जास्त आठवतो.

मग कॅलेंडरचा खेळ. पक्कं ठरलेलं, म्हणजे ‘विल’, लाल पेनाने, कदाचित होणारं, म्हणजे ‘मे’, निळ्याने, त्याहूनही अनिश्चित, म्हणजे ‘माइट’, शिसपेन्सिलीने. 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याला भाविक येतील, हे लाल. निफाडला भावाच्या द्राक्षबागेवर पाऊस पडेल का, हे निळ्याने. मी तिथे ‘इट विल मे रेन’ लिहिलं, कारण मराठीत ‘पडेल कदाचित’ म्हणताना भविष्यकाळ जात नाही. इंग्रजीत ‘मे’ आलं की ‘विल’ला जागा उरत नाही, आणि त्या दोघांच्याही नंतर क्रियापद कोरंच ठेवायचं, ना ‘टु’ ना ‘एस’. ‘पडेल’ आणि ‘पडेल कदाचित’ यांतलं अंतर मात्र द्राक्षवाल्यांच्या घरात कुणी शिकवावं लागत नाही. फवारणीचा खर्च त्यावरच ठरतो.

लेकीच्या बाळंतपणाला मेलबर्नला गेले. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारलं ते तुमचंच ‘कशाला?’ होतं. टु बी विथ माय डॉटर, मी म्हटलं. शी इज गोइंग टु हॅव अ बेबी. त्याने पासपोर्ट परत द्यायच्या आधी ‘कॉन्ग्रॅच्युलेशन्स’ म्हटलं.

खरी वेळ नंतर आली. रात्री दोनला डॉक्टर येऊन म्हणाल्या, “शी माइट नीड अ सिझेरियन.” जावई बाहेर फोनवर होते. कळांनी लेकीचं लक्ष धड नव्हतं, ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला ‘माइट’ ऐकू आलं, बाई. एक वर्ष आधी फक्त ‘सिझेरियन’ ऐकू आलं असतं आणि माझ्या चेहऱ्यावरून ती घाबरली असती. “लागेलच असं नाही म्हणतायत गं,” म्हणून मी तिचा हात धरून बसले. शेवटी पहाटे सिझेरियन करावंच लागलं. पण मधले ते चार तास ती शांत होती. दोघी सुखरूप आहेत.

फीचा विषय काढला की तुम्ही दरवेळी बोलणं दुसरीकडे नेलंत. आता मी परत आलेय आणि येत्या गुरुवारी साडेतीनला येते आहे. बारशाचं वर्णन वहीत दोन पानं लिहिलंय. ‘विल’ कुठे आणि ‘वुड’ कुठे, याची खात्री नाही. लाल पेन काढून ठेवा.

तुमची,
खिडकीजवळ बसणारी विद्यार्थिनी