दुर्गाबाई म्हणजे केवळ जोधाबाई नव्हेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी 22 सप्टेंबरला, दुर्गा खोटे यांच्या स्मृतिदिनी, वृत्तपत्रांत 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई, 'बिदाई'मधली आई आणि फाळके पुरस्कार एवढंच छापून येतं. 'मुघल-ए-आझम' 1960 चा. दुर्गाबाईंचा जन्म 1905 चा. म्हणजे पंचावन्नाव्या वर्षाआधीची त्यांची सगळी कारकीर्द आपण गाळतो, आणि खरी कमाई तर तिथेच आहे.

प्रभात फिल्म कंपनीने 1932 साली कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' काढला तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत. नट तेच, सेट तेच. एक प्रसंग मराठीत झाला की तोच पुन्हा हिंदीत. पार्श्वगायन अजून यायचं होतं. राणी तारामतीच्या भूमिकेतली गाणी दुर्गाबाईंना कॅमेऱ्यासमोर, अभिनय करता करताच गावी लागली. साथीदार चौकटीबाहेर बसून वाजवत. शब्द अडखळला किंवा वादक चुकला की अख्खा शॉट पुन्हा. मान मायक्रोफोनपासून जरा वळली तरी आवाज पडायचा. त्या काळच्या बोलपटांत नट जागीच खिळलेले दिसतात ते यामुळे. त्याला 'नाटकी अभिनय' म्हणून हिणवणं अन्यायाचं आहे. छायाचित्राखाली चित्रपटाची मराठी आणि हिंदी अशी दोन्ही नावं द्यावीत, कारण नुसत्या फोटोवरून आवृत्ती ओळखणं कठीण.

नट कंपनीला बांधलेले असण्याच्या त्या दिवसांत दुर्गाबाई कोलकात्याला जाऊन दिग्दर्शक देवकी बोस यांच्याकडे 'राजरानी मीरा' आणि 'सीता' करून आल्या. 1936 मध्ये पुन्हा प्रभातच्या 'अमरज्योती'त समुद्रावरची बंडखोर सौदामिनी, आणि 1941 मध्ये अत्र्यांच्या 'पायाची दासी'त सुनेला छळणारी सासू! ही सासू रंगवताना त्या अवघ्या छत्तिशीच्या होत्या.

रंगभूमीचा तर उल्लेखही नसतो. मुंबई मराठी साहित्य संघाने केलेल्या खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' नाटकात नानासाहेब फाटकांच्या राघोबासमोर त्यांची आनंदीबाई होती. खाडिलकरांचं लांबलचक वाक्य बोलताना श्वास कुठे घ्यायचा हे आधी ठरवावं लागतं. दम मध्येच संपला तर शेवटचं क्रियापद पडतं आणि मागच्या रांगेला अर्थच लागत नाही. शिवाय आनंदीबाईचा कावा शब्दांआड ठेवायचा असतो; सुरुवातीलाच आवाज चढवला तर पुढे चढायला जागा उरत नाही. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मध्येही, म्हणजे मराठी मॅकबेथमध्ये, राणी त्याच होत्या. पडद्यावर नाव झालेल्या नटीने पन्नाशीच्या उंबरठ्यावर अशा भूमिका पेलाव्यात, याचं मोल फाळके पुरस्काराहून कमी नाही.

आणखी एक राहून जातं. दूरदर्शनवरची 'वागळे की दुनिया' दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची होती.

पुढच्या स्मृतिदिनाच्या टिपणात जागा कमी असेल तर पुरस्कारांच्या ओळी कापाव्यात. तारामती, सौदामिनी आणि आनंदीबाई मात्र नाटक-चित्रपटांच्या नावांसह छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक नाट्यरसिक वाचक, दादर