अर्ध्या दिवसाची बोट ठरवण्याआधी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

दोघांसाठी स्वतंत्र बोट करून जवळची बेटं पाहून यायचं तुम्ही ठरवलंत, याचा मनापासून आनंद झाला. जा, जरूर जा. फक्त आगाऊ रक्कम भरण्याआधी हे पत्र दोघांनी मिळून एकदा वाचा. स्वतंत्र बोटीला आपण जास्त पैसे मोजतो, कारण किती वेगानं जायचं, कुठे किती थांबायचं आणि कधी मागे फिरायचं हे आपल्या हातात राहतं. पण ते आधी बोलून ठेवावं लागतं. नाहीतर बोट तुमची असली तरी सफर बोटवाल्याच्या नेहमीच्या घाईत होते.

आधी बेटं किती, ते ठरवा. अर्ध्या दिवसात तीन बेटं दाखवतो असं सांगितलं की मन लगेच हो म्हणतं, म्हणून हिशेबच मांडते. चार तास म्हणजे २४० मिनिटं. लाइफ जॅकेट घालणं, सूचना ऐकणं, नीट बसणं यात २० जातात. बेट १२ किलोमीटरवर असेल आणि बोट २० नॉटनं, म्हणजे ताशी साधारण ३७ किलोमीटरनं चालली, तर २० मिनिटं लागतात. बंदरातून सावकाश बाहेर पडायची १० धरा. जाऊन-येऊन झाला एक तास. परतल्यावर उतरायला १०. उरली १५०. आता प्रत्येक बेटावर बोट लावून उतरायला १५ आणि पुन्हा चढायला १५ मिनिटं तुमच्या वयात धरायलाच हवीत, शिवाय दोन बेटांमधलं अंतर १५ मिनिटांचं. तीन बेटं केलीत तर चढ-उतार आणि प्रवासातच १२० मिनिटं संपतात आणि प्रत्येक बेटावर जेमतेम १० मिनिटं मिळतात. एकच बेट केलंत तर पूर्ण दोन तास तुमचे. माझं मत स्पष्ट आहे: एका बेटावर उतरा, आणि वेळ व समुद्र दोन्ही चांगले असतील तर दुसऱ्याला बोटीतूनच फेरी मारा.

निघायचं सकाळीच. दिवस चढतो तशी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात. ऊन असलेल्या दिवशी हे वारे बहुधा दुपारच्या सुमारास जोर धरतात. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी परतीच्या वेळी खडबडीत होतं ते यामुळेच. त्यामुळे सकाळी सातला निघून अकराला परत येणारी बोट घ्या, दुपारी एकची नको. समुद्राच्या हवामानाच्या अंदाजात वाऱ्याचा वेग बहुधा नॉटमध्ये असतो. १० नॉटपर्यंत ठीक. त्यापुढे लाटांचे माथे सगळीकडे पांढरे होऊ लागतात आणि छोट्या बोटीत तुषार अंगावर येतात. १५ च्या वर अंदाज असेल तर दुसरा दिवस मागा. लाटांच्या उंचीचा आकडा वाचताना एक ध्यानात ठेवा: ती सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. अर्धा मीटर लिहिलं असेल तरी अधूनमधून जवळजवळ एक मीटरची लाट येणार. दोन लाटांमधला वेळही बघा. चार-पाच सेकंदांच्या आखूड लाटा बोटीला ठोकत राहतात. दहा-बारा सेकंदांच्या लांब लाटेवर बोट नुसती वर-खाली होते, पण तीच लाट बेटाच्या उघड्या किनाऱ्यावर फुटते तेव्हा उतरणं अवघड करते.

भरती-ओहोटीकडे बहुतेक जण बघतच नाहीत, आणि वय झालेल्या माणसांची पंचाईत नेमकी तिथेच होते. दिवसातून दोनदा भरती येते अशा ठिकाणी एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. पाणी मात्र एकसारखं उतरत नाही. पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पुढे पुन्हा दोन आणि एक, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी जातं. भरती आणि ओहोटीत तीन मीटरचा फरक असेल, तर धक्क्याच्या ज्या पायरीवर तुम्ही सहज उतरलात, तिच्यापासून बोट दोन तासांनी दीड मीटर खाली गेलेली असू शकते. उघड्या पडलेल्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आणि धारदार कालवं असतात, ते निराळंच. म्हणून बोटवाल्याला विचारायचं ते असं: आम्ही उतरू तेव्हा पाणी कुठे असेल, चढू तेव्हा कुठे असेल, आणि पायऱ्या तिथवर पोचतात का? अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा हा फरक आणि प्रवाह दोन्ही मोठे. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाणी कमी हलतं. तारीख निवडायची मुभा असेल तर अष्टमीच्या मागचे-पुढचे दिवस बघा. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाटा आखूड व उभ्या होतात, हेही भरती-ओहोटीचा तक्ता आणि वाऱ्याचा अंदाज एकत्र बघितला की आधी कळतं.

आता बसायच्या जागेबद्दल. आई, हा भाग तुझ्यासाठी आहे आणि मला त्याची सर्वांत जास्त काळजी आहे. वेगानं जाणाऱ्या बोटीचं पुढचं टोक लाटेवर उचललं जातं आणि आपटतं. सर्वांत मोठा धक्का तिथे बसतो. बसलेल्या माणसाचा तो धक्का थेट कण्यातून वर जातो, कारण उभं असताना गुडघे जसे तो झेलतात तसं बसल्यावर होत नाही. छाती आणि कंबर जिथे जुळतात तिथला मणका अशा एका आपटण्यानं दबून मोडू शकतो, आणि हाडं ठिसूळ झालेली असतील तर त्याला फार मोठी लाटही लागत नाही. पुढची गादी फोटोसाठी छान दिसते, पण बोट चालू असताना तिथे बसायचं नाही. बोटीच्या मागच्या तिसऱ्या भागात, मधोमध, पाठ टेकेल अशा गादीच्या बाकावर बसा. पाय जमिनीला टेकलेले, दोन्ही हातांनी कठडा धरलेला. निघण्याआधी बोटवाल्याला सांगा, "कण्याचा त्रास आहे, आपटायला नको, उशीर झाला तरी चालेल." चांगला माणूस लाट समोरून न घेता तिरकी घेतो आणि वेग उतरवतो. २० नॉटचे ८ झाले की अर्ध्या तासाचा रस्ता सव्वा तासाचा होतो. एकच बेट ठेवायचा माझा आग्रह यासाठीही आहे, कारण वेळ हाताशी असेल तरच त्याला सावकाश चालवता येईल. एवढ्या लाटेत हळू चालवताच येत नाही असं तो म्हणाला, तर त्या लाटेत तुम्ही जायचं नाही.

मागे बसायचा एक तोटाही सांगते. छत आणि बाजूचे पडदे असलेली बोट सावकाश चालली किंवा मागून वारा असला की इंजिनाचा धूर उलटून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही त्याची लक्षणं, आणि बोट लागल्यावरही नेमकं हेच होतं. दोघांचंही डोकं एकाच वेळी दुखायला लागलं तर धूर समजा. पडदे उघडायला लावा, मोकळ्या हवेत या.

चढताना-उतरताना हात मोकळे हवेत. पिशवी आधी खलाशाकडे द्या. एक पाय बोटीच्या मधल्या भागाकडे टाका, काठावर नको. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले असू द्या. बोट लाटेनं वर येऊन क्षणभर थांबते, पाऊल तेव्हा टाकायचं. खलाशाचं मनगट धरा आणि त्याला तुमचं धरू द्या, नुसती बोटं निसटतात. बाबा, बोट धक्क्याला लागत असताना ती हातानं अडवायला जाऊ नका. ती काही टनांची असते आणि हात मध्ये चेपतो. बेटावर धक्का नसेल तर गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं की लहान होडीत, हे आधीच विचारा. मागच्या बाजूची शिडी पाण्यात निदान दोन-तीन पायऱ्या बुडणारी आणि धरायला कठडा असलेली हवी. शिडीजवळ जाताना इंजिन पूर्ण बंद हवं. गिअर काढलेला असला तरी पाण्यातला पंखा कधीकधी फिरत राहतो.

जॅकेट धक्क्यावरच घाला आणि परत धक्क्यावर येईपर्यंत काढू नका. ते किती जोरानं तरंगवतं याचा न्यूटनमधला आकडा त्यावर असतो. ५० चं पोहता येणाऱ्यासाठी आहे, ते तोंड वर ठेवीलच असं नाही. तुम्हाला आडोशाच्या पाण्यात १०० आणि मोकळ्या पाण्यात १५० लागेल. घातल्यावर दोघांनी एकमेकांचं तपासा: खांद्यांना धरून वर ओढा. ते हनुवटीपर्यंत सरकत असेल तर पट्टे सैल आहेत किंवा माप मोठं आहे. मांड्यांमधून जाणारा पट्टा अडचणीचा वाटतो, पण पाण्यात तोच जॅकेट अंगावर ठेवतो.

बोट लागण्यावरच्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते, तोंड सुकतं आणि लघवी अडू शकते. बाबांचा प्रोस्टेट आणि आईचा काचबिंदू बघता कुठलीही गोळी, विशेषतः कानामागे लावायची पट्टी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यांनी दिलीच तर आधी एक दिवस घरी घेऊन बघा, किती गुंगी येते ते कळेल. ती त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फार उपयोग होत नाही. पोट रिकामं नको आणि गच्च भरलेलंही नको. नजर क्षितिजावर, मोबाइल खिशात. बोट चालू असताना त्रास कमी असतो, नांगर टाकून डुलायला लागली की वाढतो. म्हणून मासे-प्रवाळ बघायला मध्येच थांबायचं असेल तर दहा मिनिटांच्या वर नको. आणि बाबा, उलटी होईल असं वाटलं तर कवळी आधी काढून डबीत ठेवा. ती समुद्रात गेली की गेलीच.

पाण्यात उतरायचं तर कमरेएवढ्या पाण्यात, किनाऱ्यावरून. छातीपर्यंत बुडालं की पाण्याच्या दाबानं पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयावर भार येतो आणि लघवीची भावना होते. नळी तोंडात धरून पोहताना त्यात श्वासाचा ताणही भरीला पडतो. बाबांच्या हृदयाच्या गोळ्या चालू असताना ते नकोच. बाहेर येताना रक्तदाब उतरतो, म्हणून बोटीवर चढताना शिडीच्या तळाशी मिनिटभर थांबा आणि मगच वर चढा.

बाकी थोडक्यात. माणशी एक लिटर पाणी आणि वर एक बाटली. बोटीवर शौचालय आहे का ते विचारा, पण नाही म्हणून पाणी पिणं कमी करू नका. लघवीची गोळी त्या दिवशी केव्हा घ्यायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या, स्वतःहून चुकवू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कातडी उन्हाला नाजूक होते आणि पाण्यावरूनही ऊन अंगावर येतं, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, दर दोन तासांनी क्रीम लावा. चष्म्याला दोरी. मागून पट्टा असलेले, न घसरणारे बूट. एका दिवसाची जादा औषधं आणि औषधांची यादी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

रक्कम भरताना एवढं लिहून घ्या: इंधन आणि बेटावर उतरण्याचं शुल्क धरलंय का, खलाशासह किती माणसांची परवानगी आहे, विमा आहे का, आणि हवामानामुळे रद्द झालं किंवा अर्ध्यातून फिरलो तर पैशांचं काय. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं, कारण पैसे बुडतील या भीतीनं माणसं नको त्या समुद्रात पुढे जातात. बोटीवरून बोलायचा व्हीएचएफ रेडिओ चालू आहे ना, ते समोर लावून दाखवायला सांगा. संकटाची हाक १६ नंबरच्या चॅनेलवर देतात. इंधन जाण्यापुरतं एक भाग, येण्यापुरतं एक आणि शिल्लक एक, असं तीन भागांत हवं.

तारीख पक्की झाली की बोटीचं नाव, बोटवाल्याचा नंबर, बेटाचं नाव आणि परतायची वेळ मला पाठवा. धक्क्यावर पाय ठेवलात की फोन करा. ठरल्या वेळेनंतर तासभर वाट पाहीन, मग आधी बोटवाल्याला आणि तो लागला नाही तर तटरक्षक दलाला फोन करीन. त्यांचा तिथला नंबर मी आधीच काढून ठेवते.

तुमची,
लेक